वरातीतलं चालतं, नेटवरचं नाही

१२ एप्रिल, शनिवार

यादीत पहिलं नाव माझं! लेखी आणि तोंडी मिळून. गावची पोलीस पाटील! आता फक्त ठाण्यातून चारित्र्य पडताळणी व्हायची, मग प्रांतसाहेबांचा आदेश. सासूबाई दारावरून जाईल त्याला थांबवताहेत — "आमची रीता पाटलीन होऊन राहिली बापा!" प्रविणने त्याच्या धुमाल पार्टीच्या, म्हणजे वरातीत वाजवणाऱ्या बँडच्या, पोरांना बोलावलं आणि अंगणातच ढोल-कॅसिओ मांडून दोन गाणी वाजवली. नवराच धुमालवाला असला की घरातला आनंद शेजारच्या गावालाही कळतो. मी आत भात टाकत होते, पाय मात्र ठेक्यावर.

१३ एप्रिल, रविवार

पार्टीच्या यूट्यूब चॅनलवर कॉपीराइटची तक्रार आलीय. वरातीत वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्याचा आमचा व्हिडिओ — सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला — गाण्याच्या कंपनीने काढायला लावला. चॅनल माझ्या नावावर आहे. कारण प्रविणला पासवर्ड लक्षात राहत नाही, आणि माझ्या दिराला, अमरला, कोणी पासवर्ड देत नाही.

अमर ढोल वाजवतो. तापतोही तसाच. "आमी आमच्या हातानं वाजवलं, मंग चोरी कायची?" खरं सांगते, मलाही तेच वाटलं. बुकिंगचे फोन याच चॅनलमुळे येतात. वाईट वाटलं.

१५ एप्रिल, मंगळवार

अमरने काल "बुकिंगचा नंबर पाह्यतो" म्हणून माझा फोन नेला होता. नेला आणि त्या कंपनीविरुद्ध हरकत भरून दिली! माझं पूर्ण नाव, घरचा पत्ता, मोबाईल नंबर. वर "सगळं खरं आहे, जबाबदारी माझी" अशी कबुली. आणि कारण काय लिहिलं? "आमी वाजवलं म्हणून आमचं. काय करायचं ते करा."

काय करायचं ते करा! पोलीस पाटील व्हायला निघालेल्या बाईच्या नावाने!

दुपारी जेवायला हाक मारली नाही त्याला. आपणहून येऊन जेवला. निर्लज्ज!

१६ एप्रिल, बुधवार

तुमसरला जाऊन आले. मावसभाऊ वीरेंद्र तिथे वकिली करतो. आधी तो खूप हसला. फोनवर हरकत वाचली आणि हसणं थांबलं.

म्हणाला, "वरातीत वाजवलं त गुन्हा नाई. लग्नाले कायद्यानंच सूट आहे. पण तेच नेटवर टाकलं त परवानगी लागते. हात तुमचे असले तरी चाल त दुसऱ्याची आहे नं!"

मी विचारलं, आणि अमर डाऊनलोड केलेली गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून मित्रांना वाटतो, ते?

"ते त आणखीन वाईट. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा लिवून आहे. साध्या माणसाले सहसा कोणी जेलात नाई टाकत. पण केस झाली त पडताळणीत दिसते, रीता. मंग कोण करते तुले पाटील?"

परतीच्या बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं ऊन लागलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली. प्यायले.

१७ एप्रिल, गुरुवार

हरकत मागे घेतली. सिनेमाच्या गाण्यांचे सगळे व्हिडिओ माझ्या हाताने काढले. चॅनलवर उरलं काय? पोरं ढोल आवळताहेत तो एक, आणि सासूबाई पार्टीला पुऱ्या वाढताहेत तो एक. कंपनीला लिहिलं — चूक झाली, माहीत नव्हतं, सगळं काढलंय, तक्रार मागे घ्यावी ही विनंती.

प्रविण बाजूलाच बसून होता. "सगळंच काढलं काय वं?" एवढंच बोलला. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं.

१९ एप्रिल, शनिवार

पोस्टमन आपल्या गल्लीत वळला की कंपनीची नोटीसच आली असं वाटून मी दाराआड होते. आज शेजारच्या सुलोचनाबाईंकडे गेला. हुश्श!

२४ एप्रिल, गुरुवार

प्रविणने स्वतःची चाल बांधलीय! दोन-तीन दिवस कॅसिओवर नुसतं टिंग-टिंग चाललं होतं. मला वाटलं, रुसलाय. आज सिहोऱ्याच्या वरातीत वाजवली. कोणी नाचेना! नवरदेवाचा मामा ओरडला, "काहो, आमचं काई चुकलं काय? गाणं वाजवा नं!" शेवटी नेहमीचं वाजवलं, तेव्हा कुठे वरात हलली.

घरी येऊन सांगताना स्वतःच इतका हसला की मलाही हसू आवरेना. मला आवडली चाल. त्याला सांगितलं तसं. कानापर्यंत लाल झाला.

२९ एप्रिल, मंगळवार

कंपनीचं उत्तर आलं! दोन ओळी. तक्रार मागे घेतली आहे, पुन्हा असं करू नये. मी तीनदा वाचून घेतलं, मग वीरेंद्रला पाठवलं. "सुटली पाह्य तू," म्हणाला.

सुटले! सासूबाईंनी पाटोडीचा रस्सा केला. अमरला आज हाक मारून जेवायला बसवलं. त्याच्याकडून वचन घेतलं — आता काही टाकायचं नाही, काही वाटायचं नाही. "हाव वयनी, हाव," म्हणाला. तोंडात पाटोडी होती.

५ मे, सोमवार

पडताळणीला हवालदार आले. शेजारीपाजारी विचारलं, सगळे चांगलंच बोलले. आंब्याचं पन्हं प्यायले. सगळं छान झालं. आणि निघताना खिशातून पेनड्राइव्ह काढला!

"ताई, तुमच्याकडं लय गाणी आहेत म्हणते. यात भरून द्या नं, नवीन सिनेमाची. भाचीचं लगन आहे."

माझ्या अहवालाचे कागद त्यांच्या काखेत. प्रविण जमिनीकडे बघत होता. अमर तर घ्यायला उठलाच.

मी म्हटलं, "अमर, बस." आणि मग — कुठून आलं कोण जाणे — "साहेब, लग्नात पार्टी येऊन वाजवून देईल, ते चालते. हे नाई चालत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेनड्राइव्ह खिशात घातला. "बरं," म्हणाले. गाडीला किक मारून गेले.

सासूबाई चिडल्या. "येवढंसं काम होतं, काहून नाई म्हटलं वं?" आता ते काय लिहितात देव जाणे. भीती वाटते. पण हलकंही वाटतंय, खूप हलकं.

८ मे, गुरुवार

आदेश आला!! वर्तणूक चांगली, कसलाही गुन्हा नाही, असं ठाण्याने कळवलं म्हणे. नाही म्हणूनही झालं! देव्हाऱ्यासमोर आदेश ठेवला आणि मनसोक्त रडले. हवालदारांबद्दल काय काय वाईट मनात आणलं होतं मी! माणूस सरळ निघाला. आता गावात ताठ मानेने सांगता येईल — कायद्याने वागलं तरी कामं होतात.

संध्याकाळी प्रविणने त्याचीच चाल वाजवली. सासूबाई नाचल्या. मग अख्खी गल्ली.

९ मे, शुक्रवार

अमर सकाळी पेढे घेऊन आला. माझ्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "वयनी, तुमी नाई म्हटलं नं, मले टेन्शनच आलं. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर गाठलं त्या हवालदाराले. दुसरा पेनड्राइव्ह देल्ला, फुल भरून. तुमचा अहवाल त्याच्या काखेतच होता. तिथंच सही मारली!"

इतका खूश होता. पेढा त्याने माझ्या तोंडात घातला.

गावात गुन्हा कळला की पोलीस पाटलाने ठाण्यात कळवायचं असतं. कळवू कोणाला?