कलम चार, उंची चारशे ऐंशी

३ मार्च
आजपासून आयुष्याला वळण. मास्तरांशी भांडून कॉलेज सोडल्यावर पहिल्यांदाच कुणी माझ्यावर जबाबदारी टाकली. आमच्या मोंतोर्बो गावच्या वाइनला सर्वांत वरचा दर्जा हवाय, बाटलीच्या गळ्यात सरकारी पट्टी हवीय. त्यासाठी रोमला जाणाऱ्या अर्जाची नियमावली मी टाइप करणार. गावच्या द्राक्षमळेवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष अमेरिगोकाका. त्यांची मुलगी ऑर्नेला. बाकी लिहायची गरज नाही.

७ मार्च
ऑर्नेला त्या मळेवाल्या तुल्योच्या ट्रॅक्टरवर बसून गेली. हसत होती. ट्रॅक्टरवर हसण्यासारखं काय असतं?

दुपारी ३. कलम चार : ४८० मीटर उंचीपर्यंतचेच मळे दर्जात धरले जातील. तुल्योचा मळा ४५० वर. मी ४२० टाइप केलं. एकच आकडा. आता बस म्हणावं ट्रॅक्टरवर.

९ मार्च
मसुदा रोमला गेला. मन शांत. जरा थोरही वाटतंय.

१२ मार्च
अमेरिगोकाका सांगत होते, त्यांच्या आजोबांचा मळा तुल्योच्याही वर आहे, चॅपलमागे, ४६५ वर. अर्जातली सगळी महती त्याच मळ्याची. माझ्या हातून कॉफी सांडली. काकांनी विचारलं, नेव्यो, लक्ष कुठंय, नीट जेवतोस ना?
काकांकडे रानडुकरं मारायची बंदूक आहे.
उद्या सांगून टाकायचं. ठरलं.

१३ मार्च
काका फोनवर होते.

१४ मार्च
काका एकटेच होते. पण बंदूक पुसत होते.

१९ मार्च
सेंट जोसेफचा सण. सणासुदीला कुणाचा मूड घालवू नये.

२ मे
सणानंतर काका कामात. मग मी आजारी. मग ईस्टर. योग्य वेळ यावी लागते.

२१ मे
उद्या सभा. रोमची समिती गावासमोर नियमावली शब्द न् शब्द वाचणार. हरकत असेल तर तिथेच घ्यायची, नंतर सगळं पक्कं. जेनोआला पळून जाणार होतो, पण बस सकाळी सहाला आहे.

२२ मे
कलम एक, दोन, तीन. लोक पेंगत होते, देवाची कृपा. कलम चार. चारशे वीस. मागून तुल्यो उठला. म्हणाला, साहेब, हे चुकलंय, ४८० हवं, नाहीतर अमेरिगोकाकांचा मळा बाहेर पडेल. स्वतःच्या मळ्याचं नावही काढलं नाही हलकटाने. समितीने तिथल्या तिथे आकडा दुरुस्त केला. काकांनी डोळे पुसत तुल्योला मिठी मारली आणि सगळ्यांदेखत जावई म्हणून टाकलं.
मग मला राहवलं नाही. उभा राहून सांगितलं, ही चूक नव्हती, मी मुद्दाम केलं. सगळा हॉल हसला. काका म्हणाले, बस रे बाळा, कॉलेज पुरं केलं असतंस तर आकडे तरी जमले असते. ऑर्नेला म्हणाली, याला कुणीतरी पाणी द्या.

२३ मे
लग्नाच्या पत्रिका टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं. तारीख ऑर्नेलाने स्वतः लिहून दिलीय. आकड्यांत आणि अक्षरांत.