सासूबाईंची दोन चित्रे

मी, डेल्फिना अरास्काएता, चित्रकार उबाल्दो एचेवेरी यांची विधवा, राहणार मोन्तेविदेओ, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. थकले आहेत ते पाय, आणि या घरातली भांडणे ऐकून कान.

१. राहते घर मुलगी ग्रासिएला हिला. छत गळते; तिला ठाऊक आहे.

२. यजमानांचे ब्रश आणि ईझल कोपऱ्यावरच्या ओतिलिओला. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि त्याने काढलेला पाव अजून पावासारखा दिसतो. ज्या चित्रशाळेने "आता त्याला कॅमेरा आहे, मास्तर" असे म्हणून यजमानांना घरी बसवले, तिला काडीही देऊ नये.

३. सासूबाई गेल्यावर दोन्ही मुलांनी त्यांचे चित्र काढले. यजमानांच्या चित्रात त्या खुर्चीत बसल्या आहेत, हातावरच्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात. धाकटे दीर लेआन्द्रो यांनी नुसते राखाडी आणि पिवळे चौकोन काढले आणि एका रविवारी जेवायला येताना ते घेऊन आले.

"ही आई? हिचं तोंड कुठंय?"

"तोंड तू काढलंयस ना, दादा. मला ती घरात असल्यासारखं वाटायला हवं होतं."

"शेजारच्या पोरानंही फासले असते हे रंग!"

"आणि तुझी आई? ती तर शवपेटीतून उठवून बसवल्यासारखी दिसते."

यजमान ताटावरून उठले. दीर चित्र तिथेच टाकून गेले. पुढे दिरांचे नाव झाले, यजमानांची कामे आटली, आणि दोघे पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत. मी दोघांना समजावून दमले.

आता एका संग्रहालयाला दिरांचे चित्र हवे आहे, यजमानांचे नको. दोन्ही एका भिंतीवर लावणार असतील तरच द्यावीत. नाहीतर दोन्ही लेआन्द्रो यांना.

४. हे कलम फक्त लेआन्द्रो यांच्यासाठी. शेवटच्या दुखण्यात यजमान म्हणाले, "डेल्फिना, त्याचं ते चित्र माळ्यावरून काढ. समोर लाव." दिवसभर बघत पडले होते. संध्याकाळी म्हणाले, "आई स्वयंपाकघरात आहे गं. आत्ता हाक मारेल." मग माझा हात धरला. "त्याला सांगू नकोस हं. चढेल तो."

"मी जिवंत आहे तोवर नाही सांगणार," मी म्हणाले.

दफनाच्या दिवशी लेआन्द्रो फाटकापाशीच थांबले होते. "वहिनी, माझ्याबद्दल काही बोलला का?" मी मान हलवून नाही म्हटले. टोपी हातात घेऊन ते भर उन्हात निघून गेले. तेव्हापासून दिलेला शब्द मला जड झाला आहे.

हे वाचले जाईल तेव्हा मी नसेन, म्हणजे शब्द मोडला असे होणार नाही. वकिलांनी कागद नुसता पाठवू नये. लेआन्द्रो यांना घरी बोलवावे, बसवावे, ग्रासिएलाने त्यांना 'माते'च्या पानांचा कडू चहा करून द्यावा आणि मग हे कलम सावकाश, मोठ्याने वाचावे. ते रडले तर थांबावे. घाई करू नये.

सही: डेल्फिना अरास्काएता
साक्षीदार: नेरेइदा पियात्रा, शेजारीण; आनिबाल कुरुचेत, औषध दुकानदार
मोन्तेविदेओ, ९ ऑगस्ट १९७१