उणे अकरा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
उणे अकरा डेसिबल! आणि याला म्हणे प्रीॲम्प म्हणायचं. सिग्नल वाढवायचा सोडून गिळून बसलाय!

बनवलाय जहांआराने. आमच्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. हॅम रेडिओचं खूळ दोघींना सारखंच. रविवारी हा गच्चीवरच्या अँटेनाला चढवायचा आणि उपग्रहाचा बारीक आवाज मोठा करून ऐकायचा. त्याआधी माझ्या नव्या व्हीएनएवर, म्हणजे सिग्नल किती वाढतो-घटतो ते दाखवणाऱ्या मशीनवर, मोजायचं ठरलं. मशीनला मी अजून कुणाचा हात लागू देत नाही, पण तिलाच माझ्याहून जास्त काळजी! प्रीॲम्पची डबी देताना म्हणाली, "सुवर्णा, पॅड लावल्याबिगर जोडू नको बाई. माह्या प्रीॲम्पचा जोर तुह्या मशीनले सोसणार नाही."

म्हणून सगळं शिस्तीत केलं. आधी नुसती केबल जोडून शून्य जुळवलं. मग सिग्नल दाबणारा तो पितळी पॅड लावला, मग प्रीॲम्प. तरी उणे अकरा.

४ फेब्रुवारी
केबल बदलली. पुन्हा शून्य, पुन्हा पॅड. उणे अकराच! बारा व्होल्ट नीट येताहेत. डोकं चालेना.

५ फेब्रुवारी
जहांआराला सांगून टाकलं — खराब आहे. चेहराच उतरला तिचा. "अब्बाच्या दुकानातला शेवटचा ट्रान्झिस्टर टाकला होता त्यात," एवढंच म्हणाली आणि डबी घेऊन गेली. तिचे अब्बा, हबीबमियाँ, बीबी गावात रेडिओ दुरुस्त करायचे. गेल्या वर्षी गेले. तसला ट्रान्झिस्टर, सिग्नल वाढवणारा तो चिमुकला भाग, आता कुठेच मिळत नाही.

मशीन खोटं कशाला बोलेल? पण जहांआराचा हात मी पाहिलाय, तोही खोटा नाही. मग चुकतंय कोण? काही म्हणजे काही कळत नाही.

६ फेब्रुवारी
आमच्या लॅबमधला प्रसेनजित विचारत होता, "मॅडम, मंग रविवारी इकतचाच चढवू काय?" हो, विकतचाच चढव म्हणाले. म्हटल्यावर दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

७ फेब्रुवारी
मशीन आवरताना सहज नुसता पॅडच जोडून पाहिला. उणे तीस!

अगं बाई! शून्य जुळवताना पॅड लावलाच नव्हता मी! त्याने दाबलेले तीस तिच्या प्रीॲम्पच्या माथी मारले. म्हणजे तो चांगला एकोणीसने वाढवतोय — झकास! शिकवते मी हे मुलांना! जहांआरा फोन उचलत नाहीये. सकाळीच जाते.

८ फेब्रुवारी
"काऊन धावत आली वं?" दारातच म्हणाली. मी एका दमात सगळं सांगितलं. ती हसेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने टेबलावरून तो ट्रान्झिस्टर उचलून माझ्या हातावर ठेवला. तीनपैकी एक पाय मुळापासून तुटलेला.

"तू खराब म्हटलं ना, म्हणून काल काढून पाह्यला. काढता काढता तुटला."

माझ्या मशीनला काहीही झालेलं नाही.