खिलार घ्यावी का डांगी

१ नोव्हेंबर, शनिवार
बाजार बरा झाला. दोन बैल विकले, एक माघारी आणला. पण डोकं बाजारात नव्हतंच.
दिवाळीत मंदाला घेऊन लेकीकडं निघालो होतो, एसटीनं. सोनी सासरी जाऊन तीन वर्षं झाली, नातू झाला, अन् आईनं अजून तिचं घर बघितलेलं नाही. एसटी असो, जीप असो, जावयाची कार असो, मंदाला गाडी लागते. नगर येईपर्यंत बायको अर्धी झाली. तिथूनच माघारी आणली. सोनीचं गाव राजूरच्या वर, डोंगरात. पुढं नुसता घाट.
मोटरसायकलवर मात्र तिला काही होत नाही. तोंडाला वारं लागलं की बाई खूश. पण आपली जुनी शंभर सीसी दोघांना घेऊन साध्या पुलावर दम टाकते.
म्हणून ठरवलं. अ‍ॅडव्हेंचर बाईक. ३० तारखेला नातवाचा पहिला वाढदिवस, त्याच्या आत दारात उभी पाहिजे. दात बघून बैलाचं वय सांगणारा माणूस मी. गाडी निवडायला कुणाची अक्कल नको.

३ नोव्हें., सोम.
नगरला शोरूम. काय जनावर हाय राव! उंच, भरल्या छातीची, पुढचं चाक थोराड, तोंड वर. तिथंच बैलाच्या जातीवरनं नाव ठेवलं, खिलार. शेजारी दुसरी उभी होती, बुटकी, रुंद, दबक्या अंगाची. तिला डोंगरातल्या गुरांच्या जातीवरनं डांगी म्हणालो अन् पुढं सरकलो.
विकणारा म्हणाला, "सर, तुमचं रायडिंग कसं असतं? सिटी, हायवे, ऑफ-रोड?"
म्हणालो, "बाजार, बांध, ओढा अन् घाट."
त्याच्याकडं हा प्रकार नव्हता. सीटच्या उंचीचं काहीतरी सांगत होता. मी ऐकतोय कशाला. बैलात आधी उंचीच बघतात. नक्की म्हणून सांगून आलो.

६ नोव्हें., गुरु.
बबन आला होता. शाळेतला दोस्त, सुप्यात कारखान्यात आहे. सुट्टीला जाकीट घालून टोळक्यानं डोंगर फिरतो. त्याच्याकडं डांगीचंच जुनं मॉडेल. आला अन् उलटतपासणी सुरू. "सीट किती उंच? वजन किती? आडवी झाली तर एकट्याला उचलंल का? चाकं तारेची का अलॉय? तारेची असली तर आत ट्यूब. घाटात पंक्चर झाली की बसा बोंबलत."
"तू तुझे नट आवळ," म्हणालो.
तो गेल्यावर आठवलं, खिलारची चाकं तारेचीच आहेत. असू देत. त्याला सांगणार नाही.

९ नोव्हें., रवि.
लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.
शोरूमवाल्यानं खिलार चालवून बघायला घरी आणली. मंदा नवं लुगडं नेसून ओट्यावर चढली अन् तिथून मागं बसली, एका बाजूला, नेहमीसारखी. "आगं बाई, गाव दिसाया लागलं," म्हणाली. मी फुगलो. कालव्याच्या चारीच्या रस्त्यानं निघालो. समोरून उसाचा ट्रॅक्टर. थांबलो, डावा पाय खाली सोडला, तर खाली जमीनच नाही! जमीन होती, माझा पाय पोचत नव्हता. मंदाचा सगळा भार पण डावीकडंच. गाडी कलली ती कललीच. मंदा अलगद पाचटात जाऊन बसली. मी गाडीखाली. ऊसतोडवाल्यांनी हसत हसत गाडी उचलली, मग मला.
कुणाला लागलं नाही, एवढं देवाचं.
मंदा लुगडं झटकत म्हणाली, "येवढे बैल आनले दावनीला. एक तरी जोड न लावता आनलाय का?"
मी गाडीचा वाकडा आरसा सरळ करत बसलो.
"तुमी नुसती गाडी बगितली. मला कुटं हुबी केली तिच्याशेजारी? अन् सोताला तरी?"

१० नोव्हें., सोम.
बोललो नाही दिवसभर. तीही नाही. भाकरी मात्र वेळेवर.
ठेंगणा असणं गुन्हा आहे का?

१५ नोव्हें., शनि.
बाजारात जामखेडकडचा एक शेतकरी आला. माझा पांढरा बैल बघून हरखला. भाव ठरवायला, रुमालाखाली बोटं धरायला हात पुढं केला. मी विचारलं, "घरचा बैल कुठंय?" म्हणाला, "घरीच हाय की." मी त्याला सगळ्यांदेखत झापला. म्हणलं, मर्दा, जोड लावल्याबिगर बैल घेतोस? शेजारी उभा करून खांद्याला खांदा बघावा लागतो. एक उंच, एक बुटका झाला की जू तिरपं बसतं अन् मान सोलून निघते. आधी त्याला घेऊन ये, मग बोटं धर.
माणूस वरमून गेला. अन् माझं मलाच ऐकू आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!
घरी येऊन मंदाला म्हणालो, "रविवारी नगरला चल. तू बघ गाडी."
"मला काय कळतंय गाडीतलं?" म्हणाली. पण हसली. हसताना पदर तोंडाला लावते अजून.

२३ नोव्हें., रवि.
गेला रविवार लग्नात गेला, आज योग आला. शोरूमवाला मला गाडीची माहिती सांगत होता, मंदा गाडीभोवती फिरत होती. खिलारच्या सीटवर हात ठेवला, आपल्या छातीला लावून उंची मापली. मग डांगीच्या. "मागं धरायला काय हाय?" "पाय कुटं ठेवायचा?" "बूड किती तापतंय?" त्याला घाम फुटला. मग म्हणाला, साडी गार्ड बसवून देऊ.
मंदा म्हणाली, "नको. एका अंगाला बसले की ह्यांचा तोल जातो. मी दोनी बाजूला पाय टाकून बसनार."
शिवणाऱ्या बाईकडून दोन ड्रेस आधीच शिवून घेतलेत, हे घरी आल्यावर कळलं. लग्नापासून ड्रेस घातला नाही बाईनं.
वर म्हणते, "अंगनात चालवून बैल कळत न्हाई. औताला जुंपून बगा." म्हणजे घाटातच. शोरूमवाला मुक्कामी गाडी द्यायला तयार नाही. राहिला बबन. त्यानं स्वतःची डांगी दिली, पण आधी पंक्चर, ब्रेक अन् गिअरवर प्रवचन झोडलं. मान खाली घालून ऐकलं. गरजवंताला अक्कल नसते.

२९ नोव्हें., शनि.
बाजार बुडवला. अंगात ताप असताना सुद्धा कधी बुडवला नव्हता.
उजाडता निघालो. सुप्यात चहा, संगमनेरला जेवण, अकोले सोडून राजूर. मंदा मागून सारखी बोलत होती. कुणाचा कांदा कसा आलाय, कुणाच्या दारात किती गाया. घाट लागला अन् बोलणं बंद. खांद्यावरची पकड घट्ट. म्हणलं आली वेळ. कडेला घेतली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले, हे पण लिहितो.
"काय गं, मळमळतंय?"
"न्हाई. थांबला कशाला? तिकडं बगा की खाली. तुमची डांगी."
खाली उतारावर गुरं चरत होती, काळी-पांढरी, ठेंगणी, दगडाला न जुमानता. इथलीच जात. मी आयुष्यभर खिलारामागं फिरलो.
गाडीनं घाट मस्त काढला. पण सोनीच्या वस्तीजवळ ओढा लागला, त्यात पोट धोंड्याला घासलं. खाडकन. उंच गाडी तिथं सहज निघाली असती.
सोनी दारात. ड्रेस घातलेली बाई कोण आली म्हणून बघत राहिली. मग "आई!" करून जी धावली. मंदा घरभर फिरली. चूल बघितली, माठ बघितला, खिडकीतून डोंगर बघितला. माठातलं पाणी स्वतः घेऊन प्याली. मला रडू आलं. आलं तर आलं.

३० नोव्हें., रवि.
वाढदिवस झोकात. नातू बबनच्या गाडीवर बसवला तर उतरेना.
मंदा म्हणाली, "मी ऱ्हाते चार दिस."
राहा म्हणालो.

१ डिसें., सोम.
एकटा परत. मागं वजन नाही तर गाडी घाटात उड्या मारत होती. दोनदा मागं वळून काहीतरी सांगायला गेलो.
बबनला गाडी दिली. पोट घासल्याचं आपण होऊन सांगितलं. त्यानं वाकून बघितलं अन् चहा मागवला. म्हणाला, "खिलारची सीट खाली करून मिळती. नायतर डांगीला खालून पत्रा बसवून घे." दोन्ही पटलं. हीच पंचाईत.

३ डिसें., बुध.
शोरूमवाल्याचा फोन. "साहेब, खिलार ठेवू का डांगी?" नावं त्यालाही लागली.
म्हणालो, "सौदा अर्धा झालाय. जोड राजूरकडं लेकीच्या घरी हाय. ती आल्यावर सांगतो."
"कधी येणार?"
मंदाला फोन लावला. मागं नातवाचा दंगा, सोनीचं हसणं. विचारलं, "कधी न्यायला येऊ? अन् कुठली गाडी घेऊन येऊ?"
"बगू की. घाई काय? हितं वारं लई ग्वाड हाय."
शोरूमवाल्याला उलट फोन केला नाही. संध्याकाळी जुनी शंभर सीसी पुसली अन् मागची सीट पण पुसून ठेवली.