मनातल्या मनात द्यायचं मत

हॅरोक्लफ,
फेब्रुवारी १८७४

ती. केझायाताईस धाकट्या ईनॉकचा नमस्कार. तुझे गुडघे, तुझं मांजर आणि तिकडची समुद्रकाठची हवा, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. मी मजेत आहे. हात कोपरापर्यंत निळेच (रंगारी माणसाचे मेल्यावरही निळेच राहायचे), आणि झोपेत मोठमोठ्यानं बडबडणंही लहानपणासारखंच. शेजारीण अजून भिंत ठोकते.

ओटच्या पोळ्या करून विकणारी विधवा डॉर्कस आठवते ना? मागच्या निवडणुकीच्या आठवड्यातच मी तिला मागणी घातली, आणि नेमकं मतदानाच्या चौथऱ्यावर चढून, तेव्हाच्या रीतीप्रमाणे सगळ्यांदेखत, निळ्या पक्षाच्या नावानं घसा फोडला. (न फोडून करतो काय? मालकाचा मुकादम खाली कान टवकारून उभा.) डॉर्कस पडली कट्टर पिवळी. तेव्हापासून नेमक्या माझ्याच पोळ्या करपायला लागल्या. यंदा नवा कायदा आला: मत कागदावर, आडोशाला, गुपचूप. लगेच दारात येऊन म्हणाली, "आता कुठला मालक बघतोय तुम्हाला? पिवळ्यांना मत द्या, मग बघू लग्नाचं."

तर गेलो शाळेत मत द्यायला. फळ्यांचा आडोसा, दोरीला बांधलेली पेन्सिल, आणि काय ती शांतता गं! आपण नऊ भावंडं एका खोलीत वाढलो, मग जन्म गेला निळीच्या पिंपांत आणि यंत्रांच्या धडधडीत. कोणीही बघत नाहीये असा मी आयुष्यात पहिल्यांदाच उभा होतो. फटीतून ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती. बघता बघता मी डॉर्कसच्या स्वयंपाकघरात पोचलो. छताखालच्या दोरीवर पोळ्या वाळतायत, ती पिठाच्या हातानं केस मागे सारतेय, आणि माझे निळे हात तिच्या टेबलावर, तरी ती काही म्हणत नाहीये. किती वेळ गेला देव जाणे. बाहेर कोणीतरी खाकरलं. मी दचकलो, टोपी काढली, छाती फुगवली आणि जुन्या सवयीनं ओरडलो, "माझं मत पिवळ्यांना!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मग रांगेतला मुकादम म्हणाला, "अरे गाढवा, गुप्त मतदान आहे!" खिडकीबाहेर डॉर्कस उभी होती, ती तर रडायलाच लागली. म्हणाली, "मुकादमाच्या तोंडावर ओरडलात! माझ्यासाठी!" आता ईस्टरनंतर लग्न आहे. ताई, मला इतका आनंद झालाय की पिंपापाशीही मी उगाच हसत उभा असतो. नोकरीसुद्धा वाचली. निळेच जिंकले, त्यामुळे मालक खुशीत आहे.

तुझा,
ईनॉक

ता. क. निळे जिंकले ते एका मतानं. पेटीत एक कागद कोरा निघाला म्हणे. डॉर्कस गावभर विचारत फिरतेय, "कोण तो मेला बिनडोक? सापडू दे मला!" ताई, ओरडल्यावर मला वाटलं, झालं मत देऊन. कागदाची घडी घातली आणि टाकला पेटीत.

आणखी एक. मुद्दाम लिहायला बसलो ते यासाठीच. लग्नानंतर आम्ही आठवडाभर तुझ्याकडे येतोय. डॉर्कसला समुद्रासमोरची खोली दे. मला मात्र माळ्यावर निजव. ढेकूण झालेत सांग, पलंग मोडलाय सांग, काय वाटेल ते सांग. मी झोपेत किती खरं बोलतो, ते तुला ठाऊकच आहे.