मैत्रेयीचा गुडघा आणि आमची पहिली पिक

४ मे, रविवार. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. डायरी ऑफिसात फुकट मिळालेली, जानेवारीपासून कोरी पडली होती. जानेवारी ते एप्रिल फाडून टाकले. स्वच्छ सुरुवात.

संकल्प: रोज साडेपाचला उठून पार्कात पळणे. कोपीत, म्हणजे इथल्या कॉफीत, कंडेन्स्ड मिल्क बंद. यंदा लीग जिंकणे.

लीग म्हणजे इथल्या मराठी मंडळींची बास्केटबॉल लीग. सहा टीम्स, सहा किल्ल्यांची नावं, बायका-पुरुष एकत्र. मी राजगडचा मॅनेजर. स्वतः खेळत नाही. खेळणाऱ्याला पूर्ण चित्र दिसत नाही. तीन वर्षं आम्ही सहावे आलो. पण सहाव्या टीमला ड्राफ्टमध्ये पहिली पिक मिळते, म्हणजे यादीतला कॉलेजचा खेळाडू सगळ्यांत आधी उचलायचा हक्क. सलग तीन वर्षं हा हक्क मिळवणारी टीम आमचीच आहे. हे कोणी बोलून दाखवत नाही.

१० मे, शनिवार

उठायला साडेआठ झाले. शनिवार धरायचा नाही असं ठरवलं.

यादी आली. सहा नावं, त्यांतली दोनच कामाची. एक समीर. धडधाकट, डिफेन्स चांगला, बोलत नाही, चुकत नाही. दुसरी मैत्रेयी. युनिव्हर्सिटीची स्कोअरिंग गार्ड, म्हणजे बॉल हातात आला की दुसऱ्याला न देता स्वतः बास्केट करणारी. मॅचला सरासरी बावीस पॉइंट. जानेवारीत गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात ऑक्टोबरच्या आधी मॅच नाही. लीग जुलै-ऑगस्टात.

मग नाव यादीत कसं? फॉर्म डिसेंबरात भरला होता, काढायचं कोणाला सुचलं नाही. मी हा संकेत मानतो.

ती आमच्या पद्माकरची मुलगी. पद्माकर ऑफिसात माझ्या हाताखाली टेस्टिंग बघतो. वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मी बॉस आहे हे त्याला कधी जाणवू देत नाही. फक्त सोमवारच्या मीटिंगमध्ये.

१३ मे, मंगळवार

भावनेच्या भरात निर्णय घेणारा माणूस मी नव्हे. एक्सेल केलं. स्कोअरिंग, डिफेन्स, अनुभव, फिटनेस, प्रत्येकाला वेटेज. समीर ७.८, मैत्रेयी ५.१.

फिटनेसला तीस टक्के जरा जास्तच वाटले. दहा केले. मैत्रेयी ६.९. पाच केले आणि 'मॅच फिरवण्याची क्षमता' असा नवा कॉलम घातला. मैत्रेयी ८.४.

आकडे बोलले. अनघाला दाखवलं. तिने विचारलं, पोरीच्या गुडघ्याची किंमत पाच टक्के कोणी ठरवली? बायकोला प्रोजेक्ट मॅनेजमेंट समजावणं अवघड आहे.

१९ मे, सोमवार

सकाळी चांगी बिझनेस पार्कच्या आमच्या बिल्डिंगमध्ये गेटवर गर्दी. तिसऱ्या मजल्यावरच्या पेमेंट्स टीममधल्या अकरा जणांची कार्डं चालेनात. मला वाटलं गेट बिघडलं. गेट ठीक होतं. दुपारपर्यंत त्यांच्या खुर्च्याही हलवल्या.

जेवायला पद्माकरबरोबर खाली हॉकरवर, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सवर. त्याने हळूच विचारलं, आपल्या टीमची कपातीची यादी निघणार आहे का? सप्टेंबरात त्याचा एम्प्लॉयमेंट पास रिन्यू व्हायचाय. नोकरी गेली तर महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, मुलीचं शेवटचं वर्ष.

खरं म्हणजे मला काही माहीत नाही. असल्या गोष्टी मला विचारून होत नाहीत. पण 'माहीत नाही' हे मॅनेजरच्या तोंडी शोभत नाही. मी चहा ढवळला आणि म्हणालो, बघू. मग वातावरण हलकं करायला मैत्रेयीचा विषय काढला. म्हटलं, यंदा कोण आपल्यासाठी उभं राहतं ते बघतोय.

पद्माकरने चमचा खाली ठेवला. नूडल्स तशाच राहिल्या. म्हणाला, तिला विचारतो. आजच विचारतो. मला त्याचा उत्साह फार आवडला.

२० मे, मंगळवार

मैत्रेयी हो म्हणाली. एका दिवसात! आजकालच्या पोरांना उगाच नावं ठेवतात.

१ जून, रविवार

ड्राफ्ट. शिरीषच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये. शिरीष म्हणजे प्रतापगड, तीन वर्षं विजेते. त्याच्या कॉन्डोत स्वतःचं कोर्ट आहे, हे तो दर पंधरा मिनिटांनी सांगतो.

पहिली पिक माझी. उभा राहिलो, थोडा थांबलो, नाव घेतलं. खोलीत फक्त एसीचा आवाज ऐकू येत होता. शिरीष जवळ येऊन म्हणाला, अजून बदल, कोणी काही म्हणणार नाही. जळतो. समीर दुसऱ्या पिकला गेला.

पद्माकर मागे भिंतीपाशी उभा होता. टाळ्या सगळ्यांच्या नंतर त्याने सुरू केल्या आणि सगळ्यांच्या नंतर थांबवल्या.

२२ जून, रविवार

फिजिओचा रिपोर्ट मागवला. पहिल्या पानावर स्पष्ट लिहिलंय: सरळ रेषेत हळू पळायला हरकत नाही. शीटमध्ये गुडघ्यापुढे स्टेटस ग्रीन केला. दुसऱ्या पानावर उड्या, अचानक थांबणं, वळणं यांना मनाई आहे. पण बास्केटबॉलमध्ये माणूस बहुतेक वेळ सरळच पळतो. खात्रीसाठी एक मॅच पाहिली. चार मिनिटं पाहिली, तेवढ्यात झोप लागली.

ऑफिसात स्टेटस ग्रीनच लिहायचा अशी आमची पद्धत आहे. अंबर, म्हणजे पिवळं, लिहिलं की वरून फोन येतो. रेड लिहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कंडेन्स्ड मिल्क: फक्त वीकेंडला.

६ जुलै, रविवार. संध्याकाळी ६

आंग मो किओला आमच्या ब्लॉकशेजारच्या कोर्टवर प्रॅक्टिस. विजेचा इशारा देणारा दिवा लुकलुकत होता. आकाश काळं, पण पाऊस नाही. शेजारच्या कोर्टवरची चिनी पोरं सामान उचलून निघून गेली. आम्हाला अख्खं कोर्ट मिळालं.

मैत्रेयीने जागेवर उभं राहून बारापैकी अकरा बास्केट केले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बॉल हातातून सुटला की ती त्याच्याकडे बघतही नाही. तो कुठे जाणार हे तिला ठाऊक असतं.

पायऱ्या उतरताना तिच्या गुडघ्यातून टक असा आवाज आला. मी विचारलं. इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "नॉर्मल लाह, अंकल." आवाज होणं नॉर्मल असेल तर उत्तमच. शीटमध्ये नोंद केली नाही.

१४ जुलै, सोमवार

आज आमच्या मजल्यावरच्या दोन खुर्च्या रिकाम्या. पद्माकर हल्ली जेवायला येत नाही, डबा डेस्कवरच खातो. मी सहज त्याच्यापाशी थांबून विचारलं, गुडघा काय म्हणतो? तो उठून उभा राहिला. मी म्हटलं बसा. तरी उभाच. म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं.

असे लोक टीममध्ये असले की मॅनेजरचं काम सोपं होतं.

२७ जुलै, रविवार

पहिल्या दोन्ही मॅच हरलो. मैत्रेयी बेंचवर. मी तिला जपून ठेवलंय. अनघा म्हणाली, निशिकांत, तिला नुसतं बसू दे, लीग संपू दे, घरी आण जेवायला. मी म्हटलं, बघू.

घरात हा शब्द वापरायचा नाही असं अनघाचं म्हणणं आहे.

३ ऑगस्ट, रविवार

प्रतापगडशी मॅच. मध्यंतराला नऊ पॉइंटनी मागे. शिरीष तिकडून माझ्याकडे बघून हसला. साधंच हसला असेल.

माझी योजना तयार होती. दहा मिनिटं, फक्त सरळ रेषेत. मी पद्माकरकडे पाहिलं. तो मुलीकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिला. मी म्हटलं, तुम्हीच सांगा तिला, तुम्ही वडील. त्याने बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, बघ, तुला जमलं तर. ती उठली. जॅकेट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

सहा मिनिटांत चौदा पॉइंट. आम्ही पुढे गेलो. आयुष्यात मी इतका ओरडलो नव्हतो. मग ती बॉल घेऊन उजवीकडून आत शिरली, समोर माणूस आला म्हणून थांबली, वळली.

तिला कोणी धक्का दिला नाही. समोरचा माणूस दोन हात लांब होता. आवाज पायऱ्यांवरच्यासारखा नव्हता. कोर्टच्या पलीकडे बसलेल्या अनघालासुद्धा तो ऐकू आला.

स्कोअर लिहायचा राहिला.

५ ऑगस्ट, मंगळवार

हॉस्पिटलमध्ये गेलो. द्राक्षं नेली. लिगामेंट पुन्हा तुटलंय, आत आणखीही काही फाटलंय. पुन्हा ऑपरेशन. शेवटच्या वर्षाचा सीझन गेला, ती कॅप्टन होणार होती. डॉक्टर म्हणाले, आता आधी नीट चालण्याचं बघू, खेळाचं नंतर.

पद्माकर औषधं आणायला गेले होते. खोलीत आम्ही दोघंच. मी मेडिकल सायन्स किती पुढे गेलंय ते सांगत होतो. मैत्रेयी माझ्याशी नेहमी इंग्लिशमध्ये बोलते. आज मराठीत बोलली, जुळवून, एकेक शब्द लावत.

"काका, मी खेळले. आता बाबांची नोकरी राहील ना?"

मला कळेना. मग कळलं. मी सांगायला हवं होतं की पोरी, तुझ्या खेळण्याचा आणि नोकरीचा काही संबंध नाही, कधीच नव्हता, आणि ते माझ्या हातातही नाही. पण मग ती खेळली कशासाठी, हे तिला कोण सांगणार?

मी म्हणालो, "हो. राहील."

तिने डोळे मिटले. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला नव्हता.

घरी येऊन ही डायरी पहिल्यापासून वाचली. मी धमकी कुठेच दिलेली नाही. एकोणीस मे पुन्हा वाचली. चौदा जुलै पुन्हा वाचली. धमकी नाहीये. मला फार लाज वाटतेय.

६ ऑगस्ट, बुधवार

संकल्प: पद्माकर यांच्यासाठी वर बोलायचं. आजच. साहेब मीटिंगमध्ये होते. मेलचा मसुदा केला. सौम्य केला. आणखी सौम्य केला. आता तो मॅनेजमेंटच्या अभिनंदनाचा मेल वाटतो. पाठवला नाही.

११ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९.१०

गेटवर पद्माकर माझ्या पुढे होते. कार्ड लावलं, लाल दिवा. शर्टाला पुसून परत लावलं, लाल. मागे रांग होती म्हणून ते बाजूला झाले, मला वाट दिली. मी कार्ड लावलं. हिरवा.

कपातीची यादी एप्रिलमध्येच झाली होती म्हणे, दुसऱ्या देशातल्या ऑफिसात. मी डायरी सुरू केली त्याच्याही आधी. यांची पाळी आज आली, एवढंच. एचआरची बाई मलाही त्यांच्याबरोबरच सांगत होती.

मी खाली लॉबीत त्यांच्यापाशी बसलो.  ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागावले नाहीत. महिन्याभरात सामान हलवायचं, मैत्रेयीच्या ऑपरेशनच्या तारखा, कंपनीचा विमा आता बंद, सगळं शांतपणे मोजत होते. उठताना म्हणाले, "तिला तुम्हीच सांगा. तुम्ही शब्द दिलाय, असं ती सगळ्यांना सांगतेय. माझं ती ऐकणार नाही."

मी म्हणालो, उद्या सांगतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

साडेपाचला उठलो. मे महिन्यापासून पहिल्यांदाच. झोप लागलीच नव्हती.

रजा टाकली. हॉस्पिटलमध्ये गेलो, हातात द्राक्षं. लिफ्ट आली, दार उघडलं, आतल्या नर्सने बटण दाबून धरलं. मी हाताने नको म्हणालो. दुसरी आली. मग खालच्या कोपी शॉपमध्ये बसलो. कंडेन्स्ड मिल्कची कोपी, दोन. द्राक्षं मीच संपवली.

लीगचा मेल आलाय. राजगड सहावा. पुढच्या वर्षीची पहिली पिक आमची.

तिचा मेसेज आहे. परवा ऑपरेशन, घाबरलेली नाही, बाबा मात्र उगाच गप्प गप्प असतात, तुम्ही जरा बोला त्यांच्याशी.

उद्या नक्की.