उजव्या हातातला बॉल

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी उर्स्याला, भाऊजींच्या कंपनीच्या कॉलनीतल्या कोर्टवर. मी आणि मंदाताई, समोर कॉलनीतल्या दोघी. हरलो. चूक माझ्या सर्व्हिसची.
डावखुरीला एक फायदा फुकटात मिळालेला असतो. डाव्या बाजूने सर्व्ह करताना कट मारला की बॉल टप्पा घेऊन बाहेर पळतो, समोरचीच्या बॅकहँडला. ती कोर्टाबाहेर ओढली जाते आणि नेटपाशी उभ्या ताई रिकाम्या जागेत बॉल ठेवून मोकळ्या. इतकी वर्षं आम्ही दोघी जावा यावरच जिंकत आलोय. आज एकही बाहेर गेला नाही. सगळे मधे, सरळ फोरहँडवर. त्यातला एक परत आला तो ताईंच्या पोटरीवर बसला.
गाडीत ताई : "आज कुटं लक्ष व्हतं तुजं?"
दुसरीकडे कुठेच नव्हतं. तिथेच होतं.

१२ नोव्हें., बुध.
शाळा सुटल्यावर एकटीच कोर्टवर गेले, बादलीभर बॉल घेऊन. सर्व्ह ठीक आहे. टॉस बिघडलाय. बॉल मी उजव्या हाताने उडवते, तो सुटतानाच भरकटतो आणि डोक्यावर येतो. बाहेरच्या कटला तो डावीकडे हवा.
उजवा हात समोर धरून पाहिला. बोटं हलतात. बारीक, पण हलतात.
माझ्या वडिलांचं, दादांचं, उजव्या हातापासूनच सुरू झालं होतं. आधी सही बदलली, मग शर्टाची बटणं लागेनात, मग डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, मग
पुरे.

१६ नोव्हें., रवि.
नवऱ्याला सांगितलेलं नाही. संजय विचारतो, चेहरा का उतरलाय. पेपर तपासतेय म्हणते.
पुढच्या रविवारी लोणावळ्याची स्पर्धा. बाहेरचा सर्व्ह बंद. फक्त मधल्या रेषेवर नाहीतर अंगावर. त्याला टॉस थोडा इकडेतिकडे झाला तरी निभतं.
ताई : "बाहीरचा का सोडलास?"
म्हटलं, "सगळ्यांना पाठ झालाय आता."
त्यांनी बॉल माझ्याकडे टोलवला. पटलं नसणार.

२३ नोव्हें., रवि. लोणावळा
पहिली मॅच जिंकलो. अंगावरचा सर्व्ह चालतो, खरंच चालतो. डावखुरीचा कट अंगाकडे वळत येतो आणि समोरचीला रॅकेट काढायला जागा उरत नाही. उजव्या बाजूने मधल्या रेषेवर टाकला की तोही बॅकहँडलाच. इतकी वर्षं एकाच सर्व्हच्या प्रेमात होते मी.
दुसऱ्या मॅचला समोरच्या बाई हुशार. टायब्रेकपर्यंत त्यांनी ओळखलं आणि मधे सरकून उभ्या राहू लागल्या. बाहेरची बाजू सताड उघडी. ताई नेटवरून मागे आल्या, हळूच म्हणाल्या, "ती मधी हुबी हाय. आता बाहीर टाक."
टाकायला गेले. टॉस कुठल्या कुठे. दोनदा. डबल फॉल्ट, मॅच संपली.
नेटपाशी त्या बायकांशी हात मिळवले. मग ताईंनी माझा उजवा हात धरला तो सोडलाच नाही.
"ह्यो असा कवापासनं हाय?"
बाकावर बसून सगळं सांगितलं. दादांचंही. तोंडाने पहिल्यांदाच बोलले.
"संजयला म्हाईत हाय?"
"नाही."
"मग त्याला सांग. आन् परवा डाक्टर. मी येते संगं."
काही होणार नाही वगैरे बोलल्या नाहीत. बरं वाटलं.

२४ नोव्हें., सोम.
संजयला सांगितलं. तो : "वहिनीला आधी?" रागावलाय. चहा मात्र त्यानेच केला.

२५ नोव्हें., मंगळ.
तळेगावला डॉक्टर. ताई वडगावहून आल्या. संजयला रजा नाही.
डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटांवर कागद ठेवला. दोन्ही कागद थरथरले. डावासुद्धा, मला कळलंच नव्हतं. मग हात मांडीवर ठेवायला सांगितले. बोटं हलायची थांबली.
"वडिलांचा हात कधी हलायचा?"
"नुसते बसलेले असताना. टीव्ही बघताना."
"वजन उतरलंय?"
उतरलंय. मी टेनिसला श्रेय देत होते. नाडी जोरात. थंडीत पंखा लागतो, तेही ताईंनीच सांगितलं.
"आधी थायरॉईड बघू," म्हणाले. रक्त दिलं.
आशा ठेवायची भीती वाटते.

२८ नोव्हें., शुक्र.
थायरॉईडच. वाजवीपेक्षा जास्त चाललंय.
"तुमच्या वडिलांना होतं ते हे नाही, मॅडम. औषधाने कंप जाईल."
मी परत विचारलं. त्यांनी न कंटाळता परत सांगितलं.
बाहेर उसाच्या रसाचं दुकान. ताई म्हणाल्या, "रडायचं तर रडून घे, मग रस पिऊ." दोन्ही केलं. तेवढ्यात भाऊजींचा फोन. ताई : "न्हाई, न्हाई, त्ये न्हाई. गळ्यातलं कायतरी लय पळतंय म्हनं." रस नाकात गेला हसताना.
संजयला फोन केला. म्हणाला, "लवकर ये घरी."
नाडी खाली येईपर्यंत खेळ बंद.

१४ डिसें., रवि.
झोप लागते. पंखा बंद.
ताई सध्या कॉलनीतल्या एकीबरोबर खेळतात. दोघी उजव्या. तक्रार : "एका बाजूनं सर्व्ह केला की ऊन दोघींच्याबी डोळ्यात. तू आसलीस की ती बाजू तुला देता येती."
एवढ्यासाठी तरी माझी आठवण निघते.

११ जाने., रवि.
नवीन रिपोर्ट बरा, पण अजून जागेवर नाही. गोळ्या कधी थांबतील विचारलं तर डॉक्टर म्हणाले, आत्ता सांगता यायचं नाही. परत उलटू शकतं, तेही म्हणाले. चालेल. ह्याचं नाव माहीत आहे.
हलकं खेळायला परवानगी. संजय सोडायला आला, थांबला नाही.
थोडा वेळ मधल्या रेषेवर टाकले. मग ताई पलीकडे गेल्या, बॅकहँडला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टाक की बाहीर."
बॉल हातातून सुटला तो डावीकडे, हवा तिथे. मारला. ताई धावल्या, पोचल्या नाहीत. टप्पा रेषेवर की रेषेबाहेर, उन्हात मला दिसलं नाही. त्यांनाही नाही.
"आत व्हता," ताई म्हणाल्या.
"खरं सांगा."
"मला काय म्हाईत? परत टाक, बघू."
बादलीत बॉल भरपूर होते.